सड्याचं वर्ष

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मे महिन्याचं आहे. सह्याद्रीच्या सड्यांवरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरचं, पुस्तक म्हटलं की वाचक सप्टेंबरची वाट बघणार, हे मला ठाऊक आहे. भाद्रपदात तेरडा, सोनकी, गेंद यांनी भरलेल्या कास पठाराचे फोटो आता घरोघरी मोबाइलवर पोचलेले असतात. पण सडा समजून घ्यायचा असेल तर तो आधी उघडा, तापलेला, काळा पडलेला बघायला हवा. फुलांचे ते मोजके आठवडे उरलेल्या सगळ्या वर्षाच्या जोरावर येतात. आणि त्या उरलेल्या वर्षात आपण सड्यावर गाड्या घालतो, खड्डे खणून रोपं लावतो, चिरे काढतो, दगड उचलून रचतो. तिथं काही नाही, असं समजून हे सगळं चालतं. तिथं पुष्कळ काही आहे. तेवढं एक मनात ठसावं म्हणून ही सगळी पानं लिहिली आहेत.

हेंद्रेपाड्यात राहणाऱ्याने सड्यांवर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. बदलापूर म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी आठवते, उल्हास नदीचा पूर आठवतो, २७ जुलै २०१९ला वांगणीच्या बाजूला पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते. पण नव्या इमारतींच्या फटींतून आजही चंदेरी आणि तवलीची रांग दिसते, तिकडे मलंगगडाचे सुळके दिसतात. ही सगळी माथेरानचीच डोंगररांग. वर्षातले सात-आठ महिने ती करडी-तांबूस असते आणि जूनचे पहिले दोन-तीन दणके बसले की अचानक हिरवी होते. आमच्याकडची मुलं या डोंगरांवर ट्रेक करायला जातात, धबधब्याखाली भिजून येतात; पण माथ्यावरच्या कातळावर ज्या बोटभर मातीत हे हिरवं उगवलं, ती माती बघायला फारसं कोणी बसत नाही. मुरबाडमार्गे नाणेघाटात गेलं, दुर्ग-ढाकोबाच्या पठारावर गेलं, तरी तेच.

आपल्या या रांगेतच एक कोडं आहे. माथेरानचा माथा जांभ्याचा आहे, कासचाही जांभ्याचाच. माथेरान साधारण आठशे मीटर उंच, कास बाराशेच्या आसपास. दोन्हीकडे पाऊस धो धो. मग माथेरानला दिवसासुद्धा सावली सरत नाही इतकी झाडी, आणि कासला मैलोगणती एक झाड नाही, असं का? उत्तर मातीच्या जाडीत आहे. माथेरानच्या जांभ्यावर मुळांना धरायला पुरेशी माती साचली आहे. सड्यावर ती साचतच नाही. पाऊस ती धुऊन नेतो, वारा उडवून नेतो, आणि उरते ती खळग्यांत, भेगांत, कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही. दगड तोच असला तरी त्यावरच्या मातीच्या जाडीनुसार दोन संपूर्ण वेगळी जगं तयार झाली आहेत. सड्यावर झाड नाही म्हणजे कोणीतरी ते तोडलं असणार, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

जांभा तयार होण्याची गोष्ट मोठी आहे आणि ती दुसऱ्या प्रकरणात सविस्तर येते. इथे थोडक्यात एवढंच: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरले आणि आपला दख्खनचा काळा पाषाण झाला. उष्ण, दमट हवेत पुढच्या लक्षावधी वर्षांत पावसाने या पाषाणातली सिलिका विरघळवून नेली; लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोहाने दगड तांबडा केला. ॲल्युमिनियम जिथे जास्त साठलं तिथे बॉक्साइट झालं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कित्येक सड्यांवर ते खाणीच्या रूपाने उलटलं. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचं पाणी पितो आणि पायथ्याशी हळूहळू सोडतो. सड्याखालच्या गावांचे झरे उन्हाळ्यातही वाहतात ते त्यामुळे. सातारा शहराला पाणी देणारा कासचा तलाव याच पठाराच्या कुशीत आहे, ही गोष्ट फुलं बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवी.

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना यॉर्कशरचे किंवा स्कॉटलंडचे उंच माळ माहीत असतात: वारा, धुकं, हेदरची बुटकी झुडपं, ऑगस्टमध्ये क्षितिजापर्यंत जांभळा रंग. आपल्या सड्याशी त्यांचं साम्य पटकन डोळ्यांत भरतं. माती तिथेही निकस आणि आम्ल, पाऊस तिथेही सतत, झाडं तिथेही नाहीत. हेदरचे कोवळे कोंब खाऊन जगणारा लाल ग्राऊस पक्षी, जमिनीवर घरटं करणारा कुरल, त्यांच्यावर घिरट्या घालणारे भोवत्ये, हा सगळा संसार आपल्याला ओळखीचा वाटतो. पण एक फरक मूलभूत आहे. ब्रिटनमधले बरेचसे हेदरचे माळ माणसाने घडवले. हजारो वर्षांपूर्वी तिथलं जंगल तुटलं, मेंढ्या चरल्या, आणि पुढे ग्राऊसच्या शिकारीसाठी हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळून कोवळं ठेवायची पद्धत पडली. माणसाने हात काढला तर त्यातल्या अनेक माळांवर पुन्हा झाडं येतील. आपला सडा मात्र माणूस यायच्या फार आधीपासून उघडा आहे. त्यावर झाडं लावून त्याला ‘पूर्ववत’ करता येत नाही, कारण पूर्वी तो असाच होता.

आता मे महिना.

दुपारी बाराच्या सुमाराला सड्यावर उभं राहिलं की बुटाच्या तळव्यातून चटका जाणवतो. गवताची वाळलेली ठोंबं, पांढरटलेली दगडफुलं, मधूनच वणव्याने काळा झालेला पट्टा. एका अभ्यासक मित्राबरोबर कोकणातल्या सड्यावर फिरताना त्याने लोखंडी आकडीने एक चपटा दगड, स्वतःपासून पलीकडे उघडेल असा, अलगद कलता केला. खालची माती थंड होती आणि हाताला किंचित ओल लागत होती. दगडाच्या खालच्या अंगाला पालीची दोन पांढरी, वाटाण्याएवढी अंडी चिकटलेली. कडेला बारीक मुंग्यांची वाट. आणि एका कोपऱ्यात, शेपटी अंगाशी घेऊन, लाल विंचू. आम्ही अर्धं मिनिट बघितलं आणि त्याने दगड होता तसाच, त्याच खुणेत, परत बसवला. बाहेरचा कातळ हात ठेववत नाही इतका तापलेला असताना खाली ही सावली होती, आणि सड्यावर अशी सावली फक्त सुट्या दगडांखाली मिळते. फुरसं तिथेच असतं, बेडूक तिथेच झोपलेले असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांपलीकडे जगात कुठेही न सापडणारी पांढऱ्या पट्ट्यांची बुटकी पालही तिथेच राहते. तिची शास्त्रीय नोंद १९६३ साली झाली. म्हणून पर्यटकांनी हौसेने दगडावर दगड रचून केलेले मनोरे बघितले की मला वाईट वाटतं. त्या प्रत्येक दगडाखाली कोणाचं तरी घर होतं.

लाल विंचवाचं नाव निघालंच आहे तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं स्मरण करायला हवं. विंचूदंशाने हृदयावर होणारा परिणाम त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात, रुग्णांच्या उशाशी बसून टिपला. १९८२ साली त्यांचं लेखन ‘द लॅन्सेट’मध्ये आलं, आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराने कोकणातले कित्येक जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सड्याच्या कडेने राहणाऱ्या माणसांनी या प्राण्याची काय किंमत मोजली, हे विसरून सड्याचं नुसतं कौतुक करणं मला बरं वाटत नाही.

मे महिन्यातच माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे सारून केलेला खळगा, आणि अंड्यांचा रंग असा की दोन पावलांवरूनही दिसू नयेत. रातवा तेवढीही तसदी घेत नाही. जीप सड्यावर ‘जरा आत’ नेणाऱ्याला ती अंडी दिसतच नाहीत.

वनस्पतींची गोष्ट याहून विलक्षण आहे. सड्यावरच्या पुष्कळ वनस्पती आठ महिने जमिनीखाली कंद, गड्डा किंवा मुळी होऊन थांबतात. काही तर वरच राहतात आणि वाळतात: अंगातलं नव्वद-पंचाण्णव टक्के पाणी गमावतात, पानं मुरडून चुरगळतात, मेल्यासारख्या दिसतात आणि पहिल्या सरीनंतर काही तासांत पुन्हा हिरव्या होतात. ट्रायपोगॉन नावाचं बारीक गवत त्यांतलं एक. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची यादी अलीकडे प्रसिद्ध केली. त्याआधी भारतातून फक्त नऊ माहीत होत्या. ही झाडं पाण्याशिवाय कशी तगतात हे उलगडलं तर उद्या कोरडवाहू पिकांनाही त्याचा उपयोग होऊ शकेल. जे गवत आपण वाळलं म्हणून तुडवतो, त्यात एवढं ज्ञान दडलेलं आहे.

पाऊस आला की सड्यावर घाई सुरू होते. कातळातल्या खळग्यांत वीतभर पाणी साठतं आणि त्यात, वर्षभर वाळून पडलेल्या अंड्यांतून, पारदर्शक परीझिंगे बाहेर येतात. ते पोट वर करून पोहतात, आठवड्या-दोन आठवड्यांत वयात येतात, अंडी घालतात आणि खळगा आटायच्या आत मरतात. आंबोलीच्या सड्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक भेक पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत असल्याच उथळ पाण्यात जोड्या जमवतो. त्याची जात म्हणून नोंद झाली २००९ साली, आणि तो आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. एवढंसं त्याचं जग. त्यावर एक पार्किंग झालं तरी त्यातला मोठा हिस्सा जातो.

मग फुलं. जूनमध्ये दीपकाडी आणि मुसळी, जुलैत जमिनीवरच्या आमरी, ऑगस्टमध्ये ओलसर जागी गेंदाची पांढरी बटणं आणि त्यांच्या पायाशी सीतेच्या आसवांची निळाई. निकस मातीत नत्र मिळत नाही म्हणून ही सीतेची आसवं किडे खातात: जमिनीखाली टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, त्या ड्रॉपरसारख्या आतून दबलेल्या राहतात आणि एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला पाण्यासकट ओढून घेतात. जवळच दवबिंदू चिकट थेंब लावून बसलेली असते. डबक्यांत वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. कड्यांच्या कडेने कंदीलपुष्पं, जी माशीला थोडा वेळ कोंडून घेतात आणि परागकण लावून सोडतात. सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी, आणि ऑक्टोबरात सगळं गवताच्या सोनेरी-तांबूस रंगात बुडून जातं. हा सगळा क्रम पुस्तकात चित्रांसह आहे, म्हणून इथे लांबवत नाही. कासची फुलझाडं साडेआठशेच्या वर आहेत आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला त्यांत कास आहे, एवढं सांगून पुढे जातो.

पण टोपली कारवीवर थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हेदरच्या सर्वांत जवळ जाणारं आपल्याकडचं झुडूप हेच. गुडघाभर उंचीची, गोल, दाट झुडपं सड्याच्या कडेने पसरलेली असतात आणि सात वर्षांतून एकदाच फुलतात. ते वर्ष आलं की उतार जांभळे होतात. मधली सहा वर्षं तिथे फक्त खरखरीत पानं दिसतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत कुणीतरी ‘इथे तर नुसती झुडपं आहेत’ म्हणून जमीन सपाट करतं. तिची मोठी बहीण, साधी कारवी, आम्हा बदलापूरकरांच्या जास्त ओळखीची. ती उतारावर माणसाहून उंच वाढते आणि तिचा फेरा आठव्या वर्षाचा: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ला फुलली. फुलून, बी धरून ती मरते. वाळलेली बोंडं पुढच्या पावसापर्यंत झुडपावरच राहतात आणि ओल लागली की तडतडून फुटतात. ठाकर आणि कातकरी वस्त्यांतल्या घरांचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे. काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची. ती भिंत आतली हवा खेळती ठेवते आणि पावसाळ्यात दमट होत नाही. आमच्या भागात अशी घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि ती जातायत याचं मला मनापासून दुःख आहे.

सड्याशी माणसाचं नातं जुनं आहे. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, वाघ, मासे, गेंडे जांभ्यात कोरले. कशेळीचा प्रचंड हत्ती ज्याने कोरला त्याला हा उघडा कातळ मोकळी जागा वाटला नव्हता. ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. घाटमाथ्यावर गवळी-धनगरांची गुरं पिढ्यानपिढ्या सड्यावर चरली. चराई पूर्ण थांबली की उंच गवत माजतं आणि बोटभर उंचीची फुलं त्याखाली गुदमरतात, असं अनेक अभ्यासकांचं निरीक्षण आहे. कासच्या कुंपणावरून झालेल्या वादाच्या मुळाशी हेच होतं. मला स्वतःला वाटतं की मर्यादित चराई सड्याला चालते. दरवर्षीचा वणवा चालत नाही. राधानगरीच्या सड्यांवर गवेही चराईचं हे काम करतात, तिथलं अभयारण्य १९५८ सालचं आणि गव्यांसाठीच प्रसिद्ध.

चाळकेवाडीचं पठार मात्र वेगळा धडा देतं. साताऱ्याजवळच्या या सड्यावर पवनचक्क्यांची रांग आहे. तिथे एक सरडा राहतो. नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून माद्यांना बोलावतात आणि इतर नरांना धमकावतात. ही जात वेगळी आहे हे २०१६ साली कळलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आहेत आणि त्यामुळे सरडे वाढले आहेत. पण वाढलेल्या सरड्यांच्या अंगात ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत होते, आणि त्यांचे गळ्याचे रंगही फिके पडले होते. पवनऊर्जा नको, असं मी म्हणत नाही. ती सड्यावर बसवताना तिथे कोण राहतं हे आधी विचारायला हवं, एवढंच.

सरकारी पडीक जमीन नकाशावलीत ‘उघडा खडकाळ भाग’ असा एक वर्ग आहे आणि सडे सहज त्यात जाऊन पडतात. एकदा पडीक ठरलं की ती जमीन ‘सुधारायची’ ठरते. सगळ्यांत सद्भावनेचं आणि म्हणूनच सगळ्यांत अवघड संकट वृक्षारोपणाचं आहे. शाळेची मुलं, मंडळं, कंपन्या पावसाळ्यात रोपं घेऊन डोंगरावर येतात. सुरुंगाच्या पहारीने कातळ फोडून, बाहेरून माती आणून रोप लावलं जातं. ते बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात वाळतं, पण फोडलेला कातळ आणि त्यावरची दोन बोटं माती परत येत नाही. झाडं जरूर लावावीत. आमच्या बदलापुरात, रस्त्यांच्या कडेला, उल्हासच्या काठाने, उजाड टेकड्यांच्या खोल मातीच्या उतारांवर हवी तेवढी जागा आहे. माथ्यावरचा कातळ तेवढा सोडा. खडकाळ पठारांवर अपर्णा वाटवे यांनी कित्येक वर्षं काम केलं आहे. २०१३ साली त्यांनी उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातल्या पठारांचा जो आढावा लिहिला तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर असायला हवा.

हे सगळं आपल्यापासून दूर आहे असं बदलापूरकरांनी समजू नये. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं, काकडं, टाकळा, कुळूच्या जुड्या घेऊन बसतात. कुळू, म्हणजे फोडशी, ही क्लोरोफायटम कुळातली. सड्यावर जूनमध्ये पांढरी फुलं काढणारी मुसळी तिच्याच घरातली. डाळ घालून केलेली ही भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनी डोंगराने आठ महिने जमिनीखाली सांभाळून ठेवलेलं काहीतरी खाल्लं आहे. ती विकणाऱ्या बाईला कुठल्या उतारावर ती किती दिवस मिळते, कुठे आता मिळेनाशी झाली, हे चोख माहीत असतं. या पुस्तकातली कितीतरी स्थानिक नावं आणि ऋतूंच्या नेमक्या वेळा अशा बायकांनी आणि धनगर वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या. त्यांची नावं छापायला त्यांनीच नको म्हटलं. ऋण मात्र इथे नोंदवतो.

वापरायच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी. प्रकरणं महिन्यांच्या क्रमाने आहेत आणि मेपासून एप्रिलपर्यंत जातात. दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणं जाणूनबुजून दिलेली नाहीत. कंद खणून नेणारे आणि साप-सरडे पकडणारे दोघेही पुस्तकं वाचतात. जिथे मराठी नाव एकाहून जास्त आहे तिथे ती सगळी दिली आहेत, कारण मुरबाडला जे म्हणतात ते साताऱ्याला म्हणत नाहीत. सड्यावर चालताना मळलेल्या वाटेने किंवा उघड्या दगडावरून चाला, ओल्या हिरव्या पट्ट्यावर पाय ठेवू नका, आणि दगड उचलायचाच झाला तर तो शिकलेल्या माणसाबरोबर उचला व होता तसा ठेवा. पुस्तक पावसात भिजेल, हे गृहीत धरून जाड कागद वापरला आहे.

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)